तोटी की नट? इंजिनाच्या तळाशी असलेल्या एका भोकाचा इतिहास

आजचा विषय फलकावर वाचून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस सत्तरी ओलांडल्यावर गाडीच्या ऑइलच्या नटावर बोलणार, म्हणजे हसू येणारच. पण हा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला. मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर इथल्याच एका तरुणाने आम्हांला आपल्या पिकअपमधून स्टेशनापर्यंत सोडलं. वाटेत तो म्हणाला, "सर, इंजिनच्या चेंबरला नटाऐवजी बसवायची एक तोटी मिळते. ऑनलाइन मागवता येते. पाना लागत नाही, नट हातातून निसटून गरम ऑइलात पडत नाही. कळ फिरवली की ऑइल बाहेर. बसवू का?"

आम्ही म्हटलं, बघून सांगतो. कल्याणला पोहोचेपर्यंत लक्षात आलं, की 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात सांगण्यासारखं हे प्रकरण नाही. मग वाचलं, डोंबिवली-कल्याणच्या जुन्या मेकॅनिक मंडळींना विचारलं, आणि त्यातून हे व्याख्यान झालं. ते तरुण गृहस्थ आज समोर बसलेले आहेत.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त बसण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं एक भांडं असतं, त्याला आपल्याकडचे मेकॅनिक 'चेंबर' म्हणतात. त्याच्या बुडाला किंवा बाजूला एक भोक असतं, त्यात आट्यांचा एक नट घट्ट बसवलेला असतो, आणि काही हजार किलोमीटर झाले की तो काढून काळं झालेलं ऑइल खाली सोडायचं, नवा वॉशर घालून नट परत आवळायचा आणि वरून नवं ऑइल भरायचं. बस, एवढंच. त्या नटाच्या जागी तोटी बसवायची का, हा प्रश्न.

आता आपल्याला वाटतं की नट जुना आणि तोटी नवी. इतिहास पाहिला तर उलटं दिसतं. यंत्राच्या पोटातलं काही बाहेर सोडायचं तर माणसाने आधी तोटीच वापरली, आणि याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली, आणि १८५५ मध्ये कल्याणच्या पुढे वाशिंदपर्यंत रूळ खुले झाले, म्हणजे आपण बसलो आहोत त्या खडवलीवरून गाडी धावू लागली. त्या वाफेच्या इंजिनाला दोन्ही बाजूंना चाकांजवळ सिलिंडर असत, आणि त्यांच्या तळाशी छोट्या तोट्या. गाडी थांबली की सिलिंडरमधली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तसंच इंजिन सुरू केलं तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. म्हणून निघताना ड्रायव्हर एक दांडा ओढून तोट्या उघडे, आणि दोन्ही बाजूंनी फुस्स करून पांढरा फवारा उडे. आमच्या वयाच्या माणसांनी यार्डात तो पाहिला असेल. लहानपणी आम्हांला वाटे, इंजिन रागावलं आहे. ते फक्त पोटातलं पाणी टाकत होतं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती लागणार आहे. ही तोटी कोण उघडत होता? जो इंजिन चालवत होता, तोच. आणि दिवसातून अनेकदा.

पुढची पायरी फोर्डच्या मॉडेल टी गाडीची. १९०८ ते १९२७ या काळात ती तयार झाली. तिच्यात ऑइल किती आहे हे पाहायला आजच्यासारखी वरून ओढायची पट्टी नव्हती. इंजिनाच्या मागच्या भागात, खालच्या बाजूला, एकावर एक अशा दोन बारीक तोट्या होत्या. मालकाने गाडीखाली वाकायचं आणि वरची तोटी उघडायची. ऑइल आलं तर भांडं भरलेलं. नाही आलं तर खालची उघडायची. तिच्यातूनही आलं नाही तर गाडी हलवू नका, आधी ऑइल भरा. पण सगळं ऑइल काढून टाकायला मात्र त्याच गाडीत तळाशी आट्यांचा नट होता. तपासायला तोटी, रिकामं करायला नट. एकाच गाडीत दोन्ही, आणि दोघांची कामं वेगळी! हा तपशील आम्हांला फार आवडला, कारण आपला आजचा वाद त्या माणसांनी घातलाच नव्हता. वारंवार जे करायचं त्याला तोटी, क्वचित जे करायचं त्याला नट, एवढी समज त्यांना होती.

मग तपासायच्या तोट्या गेल्या कुठे? दोन कारणं दिसतात. एक, पट्टी आली, तपासायला खाली वाकण्याची गरज संपली. दुसरं कारण धातूचं आहे. त्या काळची तोटी म्हणजे निमुळत्या पितळी भोकात निमुळती पितळी खुंटी. धातूवर धातू घासून बसवलेला. इंजिन सतत थरथरतं, खुंटी सैल होते, थेंब गळू लागतो. पाण्याची तोटी गळली तर बादली ठेवता येते. इंजिनाचं ऑइल गळलं तर इंजिन जातं. नटाचं तसं नाही. खाली मऊ तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर, वर आवळलेला नट. स्वस्त, ठेंगणा, आणि पान्याशिवाय न उघडणारा.

मधल्या काळात ऑइलही बदललं. सुरुवातीच्या कितीतरी इंजिनांत ऑइल वरून थेंब थेंब पडे, काम करी आणि जळून किंवा गळून जाई. काढून टाकायचा प्रश्नच नव्हता. पुढे बंद चेंबर आला, तेच ऑइल पुन्हा पुन्हा फिरू लागलं आणि मळू लागलं. म्हणून ते वरचेवर बदलावं लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर मळ स्वतःत धरून ठेवणारी ऑइलं सर्रास मिळू लागली, चांगले फिल्टर आले, आणि बदलण्यातलं अंतर वाढत गेलं. आज कित्येक मोटारींना १०,००० किलोमीटरनंतर ऑइल बदला असं कंपनीच सांगते. वर्षातून एकदा जे उघडायचं, त्याला सोयीची कळ कशाला? नट जिंकला तो उत्तम होता म्हणून नव्हे. त्याला उघडण्याचे प्रसंग कमी झाले, म्हणून तो टिकला.

आणि तोटी परत आली ती एका रसायनाच्या पाठीवरून. १९३८ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीतल्या रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला वायूच्या एका सिलिंडरमध्ये अनपेक्षितपणे पांढरी भुकटी सापडली. तिलाच पुढे टेफ्लॉन म्हणू लागले. आपल्याला ते डोशाच्या तव्यामुळे माहीत. पण टेफ्लॉनच्या कड्यांमध्ये पोलादाची गुळगुळीत गोळी बसवली, गोळीला आरपार भोक ठेवलं, तर पाव वळशात वाट उघडते आणि पाव वळशात घट्ट बंद होते. धातूवर धातू घासण्याची भानगड नाही. अशीच गोळी पितळेच्या छोट्या नळीत बसवून, तिला चेंबरच्या नटाइतकेच आटे पाडून, जपानच्या फुमोतो कंपनीने १९७० च्या दशकात ही ऑइलची तोटी बाजारात आणली. आज तशा अनेक कंपन्यांच्या मिळतात. कळ नुसती फिरत नाही, आधी स्प्रिंगच्या जोराविरुद्ध तिला खाचेतून सोडवावं लागतं. म्हणजे 'धक्क्याने उघडेल' ही भीती करणाऱ्यालाही होती, आणि त्याने तिच्यावर उपाय केला.

विमानांकडे पाहा. छोट्या विमानांच्या इंजिनांना अशा तोट्या सर्रास असतात, कारण तिथे ऑइल किलोमीटरवर नाही, तासांवर बदलतात, आणि ते तास थोडे असतात. इंधनाच्या टाकीलाही तोटी असते. उड्डाणाआधी वैमानिक तिच्यातून थोडं इंधन काचेच्या नळीत घेतो आणि पाणी उतरलं आहे का ते पाहतो. पुन्हा तेच. वापरणारा आणि उघडणारा एक, आणि उघडणं वरचेवर.

आता आपल्या मुलखात येऊ. इथे गाडी आली ती तीन तऱ्हेच्या माणसांच्या हातात. एक एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली बस निघाली, तिथून ते सुरू झालं. एस.टी.त चालवणारा वेगळा आणि पाना धरणारा वेगळा. डेपोत खड्डा असतो, गाडी त्यावर उभी राहते, मेकॅनिक खालून काम करतो. अशा ठिकाणी नटाने कोणाचं काही अडत नाही. दुसरे मुंबईचे टॅक्सीवाले. वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी १९४४ ची, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघाली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा पुष्कळांनी हळहळून लिहिलं. त्या टॅक्सीवाल्याचा एक ठरलेला गॅरेजवाला असे, बहुधा गाववाला. प्रीमियरचा एक कारखाना आपल्या कल्याणकडेही होता, १९९० च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ जोडली जात होती. आम्ही ज्यांना विचारलं त्यातले एक तिथेच काम शिकलेले. आणि तिसरे आग्रा रोडचे ट्रकवाले. पडघ्यापासून कसाऱ्यापर्यंत धाब्यांच्या बाजूला ट्रकखाली पाय बाहेर काढून झोपलेला क्लीनर आपण पाहिला आहे. पुष्कळदा तो झोपलेला नसतो, नट काढत असतो.

आमच्या शास्त्रात 'अधिकार' नावाचा एक शब्द आहे. सत्ता या अर्थी नव्हे. एखादं कर्म करायला कोण योग्य, कोणाची तयारी झालेली आहे, या अर्थी. मीमांसक कर्म सांगण्याआधी त्याचा अधिकारी कोण ते विचारतात. आमचं म्हणणं असं, की नट हा अधिकार मानणारा आहे. पाना नाही, खाली शिरायची तयारी नाही, त्याला तो उघडत नाही. तोटी अधिकार विचारत नाही. ज्याचा हात पोचेल त्याला ती उघडते. आता हा तोटीचा गुण की दोष?

तो गुण आहे हे आम्हांला आमच्याच खिशाला भोक पडल्यावर कळलं. २००९ ची गोष्ट. आमची गाडी एका गॅरेजला दिली होती. नाव घेत नाही, ते गॅरेज आता नाहीही. तिथल्या पोराने पान्याला लोखंडी पाइप लावून नट आवळला. चेंबर ॲल्युमिनियमचा, नट पोलादी. चेंबरमध्ये धरायला जेमतेम सात-आठ आटे असतात, ते घसरले. त्याने आटा नव्याने पाडायला हवा होता, निदान आम्हांला सांगायला हवं होतं. त्याने पांढरी टेप गुंडाळली, नट दाबून बसवला आणि वरून पुसून घेतलं. आठ दिवसांनी नाशिकला निघालो. कसारा घाटाच्या तोंडाशी ऑइलचा तांबडा दिवा लागला. आम्ही चिंतनात मग्न! सौ. म्हणाल्या, "अहो, तो दिवा कसला?" आम्ही म्हटलं, "असेल काहीतरी." दुसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं. एकोणीस हजार रुपये, आणि त्याहून वाईट म्हणजे ते वाक्य अजून ऐकावं लागतं.

तर नट उघडण्यात धोका नाही, तो परत लावण्यात आहे. दर वेळी नट निघतो, दर वेळी चेंबरचे आटे थोडे झिजतात, आणि दर वेळी एका माणसाच्या हाताच्या अंदाजावर सगळं सोडलेलं असतं. किती जोराने आवळायचा ते पुस्तकात छापलेलं असतं, तो जोर मोजणारा पानाही मिळतो. आपल्याकडच्या छोट्या गॅरेजमध्ये तो आम्हांला फारसा दिसला नाही. तोटी एकदाच बसते. आटे पुन्हा छेडले जात नाहीत. आमच्या गाडीला तोटी असती तर त्या पोराला पाइप लावायची वेळच आली नसती.

हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ म्हणतो, की हातोडा नीट चालतो तोवर तो आपल्याला दिसतच नाही, मोडला की दिसतो. ते त्याचं पुस्तक १९२७ चं, मॉडेल टी बंद झाली तेच वर्ष. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण कसाऱ्याच्या वळणावर उभं राहून आम्हांला आयुष्यात पहिल्यांदा तो नट दिसला, हे खरं.

आता दोष. नट ठेंगणा असतो, तोटी त्यापेक्षा खाली किंवा बाहेर येते. आपल्याकडे 'चेंबर फुटला' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा ड्रायव्हर सापडणार नाही. पावसाळ्यातले खड्डे, नदीकाठच्या पायवाटा, उंच गतिरोधक. पितळ पोलादाहून मऊ. एखादा धोंडा तोटीवर बसला तर कळ उघडायची गरजच नाही, तोटी मुळातून तुटू शकते. शिवाय तोटीचं भोक नटाच्या भोकापेक्षा अरुंद, म्हणून ऑइल सावकाश निघतं. काही तोट्यांचं आतलं टोक चेंबरच्या तळाहून थोडं वर राहतं, त्यामुळे तळचं थोडं गाळाचं ऑइल आतच राहून जातं. हे दोन दोष आम्हांला किरकोळ वाटतात. गरम ऑइल सोडलं, जरा वेळ दिला, तर बहुतेक मळ निघून जातो. तोटी तुटण्याचा दोष मात्र किरकोळ नाही.

आणि आता ती नदी. खडवलीत बोलायचं आणि भातसेचं नाव घ्यायचं नाही, हे कसं चालेल? रविवारी इथे मुंबईहून माणसं डुंबायला येतात. शहापूरच्या धरणातून सोडलेलं पाणी याच पात्रातून वाहत पिशाला जातं, तिथे उचललं जातं, पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईच्या नळाला येतं. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा या नदीचा. म्हणजे डुंबणारी मंडळी घरी गेल्यावर हेच पाणी पितात. याच काठावर गाड्या धुतल्या जातात, आणि कधीकधी ऑइलही सोडलं जातं. दगडांवरचे काळे डाग तुम्ही पाहिले असतील.

कायदा झोपलेला नाही. घातक कचऱ्याचे नियम १९८९ पासून आहेत, २०१६ मध्ये ते नव्याने आले, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलची जबाबदारी ते तयार करणाऱ्या आणि आणणाऱ्या कंपन्यांवरही आली. पण आम्ही गॅरेजवाल्यांशी बोललो तेव्हा दिसलं ते असं. गॅरेजवाला जळकं ऑइल सहसा फेकत नाही. का? त्याला किंमत आहे. बांधकामवाले सेंटरिंगच्या प्लेटांना ते लावतात, कोणी लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून चोपडतो, पिंप भरलं की घेणारा येतो. यातलं सगळंच कायद्यात बसतं असं नाही, ते अधिकृत शुद्धीकरणवाल्याकडेच जायला हवं. पण निदान ते पिंपात असतं, नदीत नसतं.

आता एकटा गाडीवाला पाहा. त्याच्याकडे एका वेळी निघतं पाच-सहा लिटर. तेवढ्यासाठी कोणी घेणारा येत नाही. म्हणजे त्याच ऑइलला गॅरेजात भाव आहे आणि काठावर भाव नाही. तोटीमुळे प्रत्येक गाडीवाला स्वतःच ऑइल बदलू लागला, तर जे पिंपात जमत होतं ते पाच-पाच लिटरने विखुरलं जाईल. आमची खरी काळजी ही आहे, आणि तोटी विकणारा ती बोलून दाखवत नाही.

पण याची दुसरी बाजूही तोटीतच आहे. नट काढला की ऑइल धारेने उसळतं, पसरट घमेलं लागतं, हात भाजतो, निम्मा नाही तरी थोडा भाग मातीत जातो. काही तोट्यांच्या तोंडाला रबरी नळी बसवता येते, नळीचं दुसरं टोक सरळ कॅनमध्ये. एक थेंब सांडत नाही. ज्या हातांनी रोज हे काम करायचं, त्यांच्या कातडीलाही ते बरं, कारण जळकं ऑइल वर्षानुवर्षं अंगाला लागणं चांगलं नाही.

म्हणून आम्ही त्या तरुणाला आज इथे येण्याआधी तीन प्रश्न विचारले. तुमच्या गाडीचं ऑइल कोण बदलतं? ते म्हणाले, "मीच, सर. भाडं रोज असतं, गाडी गॅरेजला टाकली तर दिवस जातो. ऑइल लवकर लवकर बदलतो." म्हणजे वाफेच्या इंजिनाचा ड्रायव्हर, मॉडेल टी चा मालक आणि विमानाचा वैमानिक यांच्याच ओळीतले हे. तोटीचा अधिकार त्यांना आहे. दुसरा प्रश्न, काढलेलं ऑइल कुठे जातं? यावर ते जरा थांबले. मग म्हणाले, "स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याकडे पिंप आहे. कॅन नेऊन दिला तर तो घेईल. आतापर्यंत दिला नाही." आम्ही त्यावर काही बोललो नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बोलण्याची गरज वाटली नाही.

तिसरा प्रश्न, नट चेंबरच्या बुडाला आहे की बाजूला? खाली तोंड असेल तर या रस्त्यांवर तोटी बसवू नका, साधा नट ठेवा, नवा वॉशर आणि मोजून आवळणारा पाना घ्या. बाजूला असेल, आणि तोटी चेंबरच्या तळाच्या वर राहत असेल, तर खुशाल बसवा, कळीला तिची क्लिप लावा, आणि नळी बसेल अशीच घ्या.

ते त्यांना तिथल्या तिथे सांगता येईना. बाहेर गेले, गाडीखाली शिरले आणि मोबाइलवर फोटो काढून आणला. आमचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून तो शेजारच्या गृहस्थांनी पाहिला. नट मागच्या बाजूला आहे, आडवा. खालच्या कडेपासून दोन बोटं वर.

आता प्रश्न असतील तर विचारा. आणि कोणाकडे पाच लिटरचा रिकामा कॅन असेल, तर तो यांना द्या.